रेग्युलेट करूनही यांत्रिक घड्याळ पुन्हा पुढे-मागे का पडते?

यांत्रिक घड्याळे बाळगणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे धावत होते, म्हणून दुकानात नेऊन ते रेग्युलेट करून, म्हणजे त्याची चाल वेळेशी जुळवून, घेतले; चार दिवस ठीक चालले आणि मग पुन्हा पुढे जाऊ लागले, किंवा आता उलट मागे पडू लागले. पुन्हा दुकान, पुन्हा झाकण उघडणे आणि पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी दोष बहुधा कारागिराला दिला जातो, नाहीतर कंपनीला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा गफलत त्याआधीच झालेली असते: घड्याळ किती चुकते एवढेच पाहिलेले असते, ते कसे चुकते याची नोंद कोणीच ठेवलेली नसते.

समजा, दोन घड्याळे आहेत. पहिले सलग चार दिवस अनुक्रमे १२, १३, ११ आणि १२ सेकंद पुढे गेले. दुसरे पहिल्या दिवशी ३ सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी १४ मागे, तिसऱ्या दिवशी २२ पुढे आणि चौथ्या दिवशी ९ मागे गेले. चार दिवसांनी पाहिले तर पहिले ४८ सेकंद पुढे आणि दुसरे अवघे २ सेकंद पुढे दिसेल, आणि बहुतेक जण दुसऱ्याची वाखाणणी करून पहिले दुरुस्तीला टाकतील. खरे तर पहिले घड्याळ निरोगी आहे. त्याची चूक ठरलेली आहे, आणि रेग्युलेटर (चाल कमी-जास्त करणारी आतली छोटी दांडी) किंचित सरकवला की ती जाईल व परत येणार नाही. दुसऱ्याचा रेग्युलेटर कितीही हलवला तरी त्याची सरासरी तेवढी इकडून तिकडे होईल. रोजची उलथापालथ तशीच राहील, कारण तिचे मूळ रेग्युलेटरमध्ये नाहीच.

अचूकतेचा हा निकष जुना आहे. इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसन यांचे एच-४ हे सागरी घड्याळ १७६१ च्या नोव्हेंबरात चाचणीसाठी इंग्लंडहून जमैकाला निघाले, तेव्हा ते दिवसाला सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडते हे आधीच मोजून ठेवलेले होते. जानेवारी १७६२ मध्ये जमैकात हिशेब झाला तो ही ठरलेली चूक वजा करून, आणि उरलेला फरक सुमारे ५ सेकंदांचा होता. पुढे जहाजांवरचे क्रोनोमीटर, म्हणजे अत्यंत अचूक घड्याळे, प्रवासात रोज वेळेवर आणून ठेवण्याची पद्धत नव्हतीच. त्यांची रोजची चूक वहीत नोंदवली जाई आणि गणित करताना ती जमेस धरली जाई. आजच्या सीओएससी या स्विस संस्थेच्या क्रोनोमीटर चाचणीतही हेच दिसते. तिथे १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत मशीन, म्हणजे घड्याळाची आतली यंत्रणा, तपासले जाते. दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो, परंतु तो सात निकषांपैकी केवळ पहिला आहे. बाकीचे सहा निकष रोजचा चढउतार, आडव्या आणि उभ्या स्थितीतला फरक, तापमानाचा परिणाम अशा गोष्टी तपासतात, म्हणजे मशीन किती सातत्याने चालते हेच पाहतात.

आधी आठवडाभर नोंद ठेवा

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी किमान एक आठवडा नोंद ठेवावी. त्यासाठी घड्याळ बरोबर लावलेले असण्याची गरज नाही, फक्त प्रमाण वेळेपासूनचा फरक रोज लिहायचा असतो. एचएमटी जनतासारख्या अनेक घड्याळांत चावी (बाजूची गोल खुंटी) बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, आणि त्यामुळे अशी घड्याळे सेकंदाला लावता येत नाहीत म्हणून लोक हिरमुसतात. पण नोंदीसाठी त्याने काहीच बिघडत नाही. आज घड्याळ १७ सेकंद पुढे होते आणि उद्या त्याच सुमारास २९ सेकंद पुढे असेल, तर दिवसाची चूक १२ सेकंद. एवढेच गणित आहे.

प्रमाण वेळ म्हणून मोबाइलचे घड्याळ चालते, मात्र रोज तोच मोबाइल वापरावा. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि तिची वेळ इंटरनेटवर उपलब्ध आहे, ती अधिक भरवशाची. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची आपल्याकडची जुनी सवय साध्या रेडिओवर ठीक होती. मोबाइल ॲपवर तेच ठोके काही सेकंद उशिरा पोहोचतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. डायलकडे सरळ वरून पाहावे, तिरपे पाहिल्यास सेकंदभराचा फरक सहज पडतो. सकाळी उठल्यावर एक आणि रात्री घड्याळ काढताना एक अशा दोन नोंदी ठेवाव्यात, आणि रात्री घड्याळ कोणत्या बाजूवर ठेवले तेही लिहावे. चावी केव्हा दिली, त्या दिवशी घड्याळ हातात किती वेळ होते आणि काही धक्का बसला का, हेसुद्धा दोन शब्दांत टिपले तर पुढचे निदान निम्मे सोपे होते.

आकड्यांकडे पाहताना प्रमाण लक्षात असू द्यावे. एचएमटीचे ०२३१ हे हातचावीचे मशीन तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. दिवसाला १२ सेकंदांची चूक म्हणजे त्यांपैकी ६० ठोक्यांचा फरक. धातूच्या चाकांनी आणि एका स्प्रिंगने, तेलाच्या थेंबांवर चालून एवढे साधणे ही कमी गोष्ट नाही, आणि महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास चुकणाऱ्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळाशी तुलना करून कोणी यांत्रिक घड्याळाला नाव ठेवू नये.

अचानक बरेच पुढे धावू लागले तर

कालपर्यंत ठीक असलेले घड्याळ एकाएकी दिवसाला अर्धा मिनिट, दोन-चार मिनिटे किंवा त्याहूनही अधिक पुढे धावू लागले, तर पहिला संशय चुंबकत्वावर घ्यावा. हेअरस्प्रिंग म्हणजे बॅलन्स व्हील या झोके घेणाऱ्या चाकाला मागेपुढे फिरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग. तिची वेटोळी चुंबकित झाली की एकमेकांकडे ओढली जातात, प्रसंगी चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हील भराभर झोके घेऊ लागते. अशा घड्याळाचा रेग्युलेटर मागे सरकवून वेळ जुळवणे ही सर्वांत मोठी आणि दुर्दैवाने सर्वांत सामान्य चूक आहे. पुढे कधीतरी चुंबकत्व काढले की तेच घड्याळ दिवसाला तेवढेच मागे पडते, आणि ‘पुन्हा बिघडले’ अशी तक्रार सुरू होते.

तपासणीसाठी सुई असलेले साधे होकायंत्र पुरते. मोबाइलमधल्या होकायंत्रावर भरवसा नको, कारण मोबाइलच्या स्वतःच्या पोटात चुंबक असतात. पोलादी केस असलेले घड्याळ जवळ नेल्यावर सुई थोडी ओढली गेली, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. साधे लोखंडही सुईच्या दोन्ही टोकांना ओढते. घड्याळ वेगवेगळ्या बाजूंनी फिरवताना सुईचे एखादे टोक दूर ढकलले जात असेल, किंवा मशीनच्या ठोक्याबरोबर सुई थरथरत असेल, तर चुंबकत्व आहे असे धरावे. ते काढण्याचे छोटे यंत्र बाजारात स्वस्तात मिळते आणि दुकानात हे काम मिनिटभराचे असते. यंत्राचे बटण दाबून धरावे, घड्याळ त्यावरून हळूहळू उचलत हातभर दूर न्यावे आणि मगच बटण सोडावे. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडले तर चुंबकत्व जाण्याऐवजी नवे बसू शकते.

परंतु तक्रार वारंवार येत असेल, तर चुंबकत्व काढणे हा अर्धाच इलाज आहे. ते कुठून येते हे शोधले पाहिजे. उशाशी ठेवलेला स्पीकर, मागे चुंबक असलेला वायरलेस चार्जर, झाकणात चुंबक असलेले मोबाइलचे आणि टॅबलेटचे कव्हर, इयरफोनची डबी, पर्सचे चुंबकी बटण, कपाटाच्या दाराचा चुंबकी खटका, ही नेहमीची ठिकाणे. आयएसओ ७६४ या मानकानुसार ‘अँटिमॅग्नेटिक’ म्हणवले जाणारे घड्याळ ४,८०० अँपिअर प्रति मीटर एवढे क्षेत्र सोसते; लहान पण तीव्र चुंबकाला घड्याळ प्रत्यक्ष टेकले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. चार इंच अंतर ठेवले तरी धोका फार कमी होतो. सिलिकॉनची स्प्रिंग असलेल्या नव्या घड्याळांना हा त्रास जवळजवळ नसतो, पण आपल्याकडच्या बहुतेक संग्रहांत ती मोजकीच असतात.

घड्याळ पडल्यानंतर किंवा जोराचा धक्का बसल्यानंतर ते एकदम बरेच पुढे धावू लागले असेल, तर चुंबकत्वाऐवजी स्प्रिंगचे एखादे वेटोळे दुसऱ्यावर चढलेले किंवा रेग्युलेटरच्या खुंट्यांत अडकलेले असू शकते. हे काम चांगल्या कारागिराचेच आहे. चिमटा घेऊन घरी प्रयत्न केल्यास हेअरस्प्रिंग कायमची वाकते, आणि जुन्या मशीनची हेअरस्प्रिंग आता मिळेलच असे नाही.

रोज वेगळी चूक दिसत असेल तर

इथे तीन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात: चावी, स्थिती आणि तेल. ती सुटी करून पाहण्यातच खरे काम आहे.

चावीचे आधी पाहावे, कारण त्याला खर्च नाही. मेनस्प्रिंग (चावीने भरणारी, घड्याळ चालवणारी स्प्रिंग) पूर्ण भरलेली असताना बॅलन्स व्हीलचा झोका, म्हणजे ते किती अंश फिरते ते, मोठा असतो, चावी उतरत गेली की तो लहान होतो, आणि झोका बदलला की चालही थोडी बदलते. म्हणून हातचावीच्या घड्याळाला रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी, चावी पुढे जाणे थांबेपर्यंत पूर्ण चावी द्यावी. ‘जास्त चावी दिली की घड्याळ तुटते’ हा समज इतका पसरलेला आहे, की अनेक जण भीतभीत दहा-बारा फेरे देऊन थांबतात आणि घड्याळ कायम अर्ध्या ताकदीवर चालवतात. हाताच्या हालचालीने भरणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळाचा प्रश्न निराळा आहे. दिवसभर टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या मनगटावर ते पुरेसे भरतेच असे नाही. सेइको ५ मधले ७एस२६ हे मशीन, जे आखातातून आलेल्या घड्याळांमुळे कोकणातल्या कित्येक घरांत आजही आहे, त्याला हाताने चावी देता येत नाही. ते हलवूनच भरावे लागते. सेइकोच्याच त्यानंतरच्या एनएच३५ या मशीनला हाताने चावी देता येते. घड्याळ तीन-चार दिवस मुद्दाम पूर्ण भरलेले ठेवून पाहावे. चढउतार थांबला, तर दोष मशीनचा नव्हता.

स्थितीचा भाग अधिक रंजक आहे आणि इथे थोडे थांबणे योग्य ठरेल. घड्याळ डायल वर करून आडवे ठेवले, की बॅलन्सचा आस आपल्या टोकावर फिरतो आणि घर्षण अगदी कमी होते. उभे ठेवले, की आसाची बाजू त्याला आधार देणाऱ्या रत्नाच्या भोकाला घासते, घर्षण वाढते आणि झोका २० ते ४० अंशांनी कमी होतो. त्यातच बॅलन्स व्हीलची एखादी बाजू कणभर जड असेल, तर उभ्या स्थितीत तिचा परिणाम ताबडतोब दिसतो. हा परिणाम झोक्यावरही अवलंबून असतो: जड बाजू खाली असताना झोका साधारण २२० अंशांहून मोठा असेल तर घड्याळ मागे पडते आणि लहान असेल तर पुढे जाते. म्हणजे तेच घड्याळ, त्याच स्थितीत, सकाळी मागे पडेल आणि चावी उतरल्यावर पुढे धावेल. मालकाला हे भुताटकीसारखे वाटते, पण नोंदवहीत वेळ आणि स्थिती लिहिलेली असली की आकडे नीट उलगडतात.

डाव्या हातात घड्याळ घालून उभ्याने काम करणाऱ्याचा हात खाली लोंबतो आणि चावी जमिनीकडे असते. कीबोर्डवर काम करणाऱ्याचे डायल बहुतेक वेळ वर असते. त्यामुळे दुकानदार वडिलांच्या हातात बरोबर चालणारे घड्याळ बँकेत काम करणाऱ्या मुलाच्या हातात दहा सेकंदांनी बदलले, तर त्यात बिघाड काहीच नाही. दुकानातले रेग्युलेशन फसण्याचे मुख्य कारणही हेच आहे. घड्याळ पूर्ण चावी देऊन, डायल वर करून, अर्धा मिनिट टायमिंग मशीनवर (ठोके ऐकून चाल दाखवणाऱ्या यंत्रावर) ठेवले जाते. पडद्यावर शून्य आले की काम झाले. मनगटावर ते या स्थितीत दिवसातला किती वेळ असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

स्थितींमधला फरक मर्यादित असेल, तर त्याचा उपयोगही करून घेता येतो. रात्री घड्याळ दोन-तीन रात्री डायल वर, मग दोन-तीन रात्री चावी वर आणि मग चावी खाली अशा पद्धतीने ठेवून पाहावे, आणि झोपण्यापूर्वीच्या व उठल्यानंतरच्या नोंदीतला फरक घ्यावा. दिवसाच्या १६ तासांत घड्याळ ६ सेकंद पुढे जात असेल आणि चावी वर ठेवलेल्या रात्रीच्या ८ तासांत ६ सेकंद मागे पडत असेल, तर ते रोज सकाळी पुन्हा वेळेवर आलेले असेल आणि झाकण उघडण्याची गरजच उरणार नाही. माझ्या मते स्वतःच्या हाताने करण्याजोगे समायोजन एवढेच, आणि बहुतेकांना ते पुरते.

तिसरे कारण तेल. चार ते सहा वर्षांत तेल घट्ट होते किंवा जागेवरून सरकते, झोका लहान होतो आणि वरचे सगळे दोष अधिक ठळक होतात. पूर्ण चावी दिल्यावर दीड दिवस चालणारे घड्याळ आता २४ तासही चालत नसेल, सकाळची आणि संध्याकाळची चाल खूप वेगळी असेल, तर रेग्युलेटरला हात न लावता सर्व्हिसिंग करावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर थांबूच नये, कारण पोलादी भागांवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.

एचएमटी जमवणाऱ्यांसाठी इथे एक वेगळी सूचना द्यावी लागेल. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या या घड्याळ कारखान्याचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. त्यामुळे ‘कोरे, न वापरलेले’ म्हणून मिळणारे एचएमटी घड्याळ कितीही चकचकीत असले, तरी त्यातले तेल कपाटात पडून सुकलेले आहे असेच धरून चालावे. ते न वापरल्याने ताजे राहत नाही. दुसरे असे, की डायल नव्याने रंगवून आणि तीन-चार घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक मुंबईचे नाव जोडतात, आणि ते नाव कौतुकाने घेतले जात नाही. अशा घड्याळात बॅलन्स व्हील एका मशीनचे आणि हेअरस्प्रिंग दुसऱ्याची असू शकते. रेग्युलेटर एका टोकाला पूर्ण सरकवलेला असूनही वेळ जुळत नसेल, तर हीच शक्यता अधिक. त्यावर पैसे ओतण्यापेक्षा ते पाहण्यापुरते ठेवावे.

तापमानाला मात्र उगाच दोष दिला जातो. साध्या पोलादी स्प्रिंगच्या काळात दर अंश सेल्सिअसला दिवसाचे सुमारे ११ सेकंद फरक पडे, तेव्हा ती तक्रार खरी होती. शार्ल एदुआर गियोम यांच्या निकेल-पोलादी मिश्रधातूंनी, ज्यांसाठी त्यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तो प्रश्न बराचसा संपवला. पुण्याची मे महिन्यातली दुपार हे आजच्या घड्याळाच्या मोठ्या चुकीचे कारण नसते.

दुकानात काय सांगावे, काय विचारावे

‘घड्याळ पुढे जाते’ एवढे सांगून घड्याळ देऊ नये. आठवड्याची नोंद कागदावर द्यावी. कारागिराकडे टायमिंग मशीन असेल, तर चाल, झोका आणि ठोक्यांतला असमतोल (टिक आणि टॉक यांमधल्या वेळेतला फरक) हे तीन आकडे किमान चार स्थितींत मागावेत: डायल वर, डायल खाली, चावी खाली आणि चावी वर. पूर्ण चावीनंतर आडव्या स्थितीत २७० ते ३१० अंशांचा झोका उत्तम. २२० च्या खाली असेल तर आधी सर्व्हिसिंग, मग रेग्युलेशन. असमतोल १ मिलिसेकंदाच्या आत असावा. टायमिंग मशीनवर लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी लागणारा, घड्याळाच्या रचनेवर ठरणारा कोन) बहुधा ५२ अंशांवर लावलेला असतो. एखाद्या घड्याळाचा तो वेगळा असल्यास झोक्याचा आकडा चुकतो, चालीचा चुकत नाही, हे ठाऊक असावे म्हणजे विनाकारण वाद होत नाहीत.

रेग्युलेशन दिवसभराच्या सरासरीवर करायला सांगावे. नोंदीत घड्याळ मनगटावर दिवसाला १२ सेकंद पुढे जात असेल आणि त्याच वेळी टायमिंग मशीनवर डायल वर असताना अधिक १५ दिसत असेल, तर मशीनवर शून्य आणणे चुकीचे ठरेल. ते अधिक ३ च्या आसपास आणले की मनगटावर शून्य येईल. चांगला कारागीर हे ऐकून घेतो. जो ऐकत नाही आणि शून्यच आणून दाखवतो, त्याच्याकडे महागडे मशीन सोपवू नये.

अपेक्षाही मशीननुसार ठेवावी. एनएच३५ साठी कंपनीनेच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद एवढी मुभा सांगितलेली आहे, त्यामुळे असे घड्याळ सातत्याने १० सेकंद पुढे जात असेल तर ते तक्रारीचे कारण नाही. चांगले सर्व्हिसिंग झालेले एचएमटी रोज १५ सेकंदांच्या आत आणि एकाच दिशेने चुकत असेल, तर मी ते उघडणार नाही. सर्व्हिसिंगनंतर पहिला आठवडा नवे तेल बसण्यासाठी सोडून द्यावा, दुसऱ्या आठवड्यात पूर्वीसारखीच नोंद ठेवावी आणि रेग्युलेटरला हात लावायचाच असेल तर त्यानंतर, एकदाच लावावा.